धर्माबाबांचा विसर

"तुम्ही गेल्यावर हे सगळं कोण सांगणार, बाबा?" सुगंधाने विचारलं.

धर्मा हिलम तंबाखू मळत राहिले.

घाटातल्या दाट, बाराही महिने हिरव्या रानात कातकऱ्यांची ती वाडी होती. चाळीस घरं. रानातला पाला, कंद, साल, पाखरू ओळखणारा एकच माणूस आता उरलाय, असं सगळे म्हणत. तो म्हणजे हे धर्माबाबा.

सुगंधा मुकणे वाडीतली पहिली पदवीधर. शिकून ती परत आली, तेव्हा मुलं शाळेत आपली बोली बोलायला लाजत होती. रानाकडे तर फिरकतच नव्हती. तिने बाबांजवळ बसून शंभर झाडावेलींची नावं उतरवून घेतली, भला मोठा तक्ता केला आणि संध्याकाळी मुलांना जमवून शिकवायला लागली.

महिन्याभरात मुलांना नावं पाठ झाली. तिने मोठ्या अभिमानाने बाबांना बोलावलं. मुलांनी शंभर नावं न अडखळता म्हणून दाखवली.

बाबांनी सगळं ऐकलं. मग उठले, मुलांना घेऊन घरामागे गेले. कुंपणावर एक वेल चढली होती, पानं पिंपळासारखी. बाबांनी ती हातात धरली आणि थांबले.

कुणालाच ती ओळखता येईना.

बुधी नावाची नऊ वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "तक्ता आणू का, बाई?"

सुगंधाची मान खाली गेली. मुलं पांगल्यावर तिने बाबांना म्हटलं, की मग तुम्हीच शिकवा.

"शिकवतो," बाबा म्हणाले. "पन रानात तू बोलायचं नाय."

तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाबा मुलांना घेऊन रानात जाऊ लागले. सुगंधा मागून चाले. बाबा काही सांगत नसत. ओढ्याकाठी बसत, वर बघत. मुलं कंटाळली, मग खेळू लागली, मग बघू लागली. तिसऱ्या दिवशी बुधीने ती पिंपळपानांची वेल एका झाडावर पाहिली आणि विचारलं, हिचं नाव काय?

बाबांनी वेलीकडे खूप वेळ पाहिलं.

"...नाय आठवत. घरी ईचार."

सुगंधाने चमकून बाबांकडे पाहिलं. याच वेलीचं नाव बाबांनी उन्हाळ्यात तिला सांगितलं होतं. पण रानात न बोलण्याचा शब्द दिलेला.

पुढे रोज तेच. कुठली साल जखमेवर लावायची, कुठल्या पाखराच्या ओरडण्यावरून पाऊस कळतो, शेवळाच्या खाजऱ्या रानभाजीत काकडाची आंबट फळं का टाकायची... बाबा कपाळाला आठ्या घालत आणि म्हणत, नाय आठवत. घरी ईचारा.

एका संध्याकाळी सुगंधा आईपुढे बसून रडली. जाणता असा एकच माणूस होता, तोही विसरत चालला, म्हणाली. तिच्या आईचं नाव लाडकी. उभा जन्म वीटभट्ट्यांवर गेलेला. रानाचं नाव काढू नकोस, शीक आणि सूट इथून, हेच तिने लेकीला सांगितलेलं. ती चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली.

पण मुलं घरी विचारत होती.

आधी वडीलधारी उडवून लावत. कशाला पायजे तुला ते, म्हणत. मुलं पुन्हा विचारत, कारण उद्या बाबांना सांगायचं असे. बाबांना आठवत नाही म्हटल्यावर मुलांना त्यांची कीव यायची. मग कुणाच्या आजोबाने खोकत खोकत एक नाव सांगितलं. कुणाच्या आईने ते खोडून दुसरंच सांगितलं. भांडण मिटेना, तेव्हा दोघं मुलाला घेऊन झाडापाशीच गेली.

पाऊस सरला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुगंधा ओढ्यावर पोचली, तर तिथे अख्खी वाडी होती. म्हातारे झाडांच्या बुंध्यांवर हात ठेवून उभे होते. बायका पाण्यात उतरून दगडाखालचे खेकडे काढत होत्या. मुलं मोठमोठ्याने नावं सांगत होती, आपल्या बोलीत, आणि चुकली की चार माणसं एकदम दुरुस्त करत होती.

एका खडकावर लाडकी बसली होती. भोवती आठ-दहा मुलं. ती करांद्याच्या कडू कंदाच्या चकत्या करून दाखवत होती. राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे कडवटपणा जातो. मला माझ्या आयनं शिकवलं, ती सांगत होती. हात भराभर चालत होते.

सुगंधाने आईला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. ती पुढे गेली, मुलांत जागा करून बसली आणि एक करांदा हातात घेतला.

"कसं कापू, आये?"

लाडकीने लेकीचा हात धरून सुरी फिरवून दाखवली.

उन्हं कलली, तेव्हा सुगंधा बाबांजवळ आली. ते जांभळाखाली एकटेच बसले होते. त्यांना आता कुणी काही विचारत नव्हतं. तिला एकाएकी सगळं उमगलं.

"बाबा... तुम्हाला सगळं आठवत होतं."

बाबा ओढ्याकडे बघत होते. तिथून हसण्याचा मोठा आवाज आला.

"आता इसरलो तरी चालंल," ते म्हणाले.