गाईच्या जिभेला सोसेल असं औषध

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक गवळी राहत असे आणि त्याला माश्यांचा भारी राग होता. त्याची ढवळी गाय खूप वर्षांनी व्याली होती. वासरू इतकं गोड, की गवळी आपलं ताट घेऊन गोठ्यातच जेवायला बसे. त्या वासराला माशी चावली, की याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

त्याची बायको रोज कडुनिंबाचा पाला आणि गवती चहा पाण्यात उकळी आणि ते पाणी गार करून वासराच्या अंगाला लावी. माश्या पळत. वास विरला, की परत येत.

"तुझ्या पाण्यानं नुसत्या उडून जातात," गवळी कुरकुरला. "मला मेलेल्या बघायच्यात!"

तो बाजारातून विषारी भुकटी घेऊन आला.

"अहो, वासराला बाधली तर?"

"अगं, अंगाला लावायचीय, खायला नाही घालायची!"

त्यानं भुकटी चोळली. माश्या पटापट पडल्या. गवळी खूश होऊन मिशीला पीळ देत उभा राहिला. तेवढ्यात ढवळी रानातून चरून आली, हंबरली आणि वासराला चाटू लागली. गाय वासराला चाटते, हे जन्मभर बघत आलेला माणूस रागाच्या भरात नेमकं तेच विसरला होता.

थोड्याच वेळात ढवळीच्या तोंडाला फेस आला. ती थरथरत खाली बसली. तरी मान वळवून वासराकडेच जीभ नेत होती. गवळणीनं वासराला दूर नेऊन स्वच्छ धुतलं. गवळी धावत वैद्यांना घेऊन आला.

"औषध पाजलंय," वैद्य म्हणाले, "आता वाट बघायची."

गवळी गाईचं डोकं मांडीवर घेऊन ढसाढसा रडला. "माझे आई, चूक माझी आणि भोगतेस तू!"

दुसऱ्या दिवशी ढवळीनं कान हलवला आणि हळूच त्याच्या हाताला नाक लावलं. ती वाचली.

तेव्हापासून पाल्याचं पाणी गवळी स्वतःच उकळू लागला. आधी एक थेंब आपल्या जिभेवर ठेवी आणि असं तोंड वाकडं करी, की गवळण पदराआड हसे. मग वासराला पाणी लावून तो म्हणे, "ये गं ढवळे, चाट आता पोटभर." माश्या उडून जात. मेल्या का, हे तो बघायलाही जात नसे.

तात्पर्य: लेकराला जपायचं औषध असं हवं, की त्याच्या आईच्या जिभेलाही ते सोसेल.