चिवणे बेटाची ओली गावकी

चिवणे बेटाच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, एक सपाट काळा खडक आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला बुडतो. बेटावरच्या कोळ्यांची गावकी, म्हणजे त्यांची पंचायत, याच खडकावर बसते. पाहुण्यांना हसू येते. एवढी जमीन सोडून माणसे समुद्रात कशाला बसतात? त्याचे कारण चांगुणा, असे सांगतात.

पूर्वी गावकी उंडीच्या झाडाखाली भरत असे. सावली गार, वारा मस्त आणि पंचांना बोलण्याची भारी हौस. त्या काळी चांगुणाचा नवरा तापाने गेला. समुद्रात खुंट रोवून डोल जाळे बांधायची त्याची जागा बेटावर सर्वांत चांगली. ती बाईकडे ठेवायची की दुसऱ्या कुणाला द्यायची, हे गावकीने ठरवायचे होते. तोवर तिथे जाळे लावायला बंदी, आणि बाकीच्या जागा ज्याच्या त्याच्या. पंच घसा बसेस्तोवर बोलत आणि शेवटी गावकीचे मुख्य जोमा पाटील म्हणत, "फुडल्या अवसेला बगू."

अशा कितीतरी अवसा गेल्या. चांगुणाच्या घरात दोन लेकी आणि रिकामी टोपली. होडी आपली, हात धडधाकट, समोर मासळीने भरलेला दर्या, आणि चूल मात्र शेजारणीच्या उसन्या तांदळावर. तिचा जीव नुसता जळत होता.

शेवटी ती पाटलांपुढे उभी राहिली. "पाटीलदादा, खुंट डोल्यांनी बगा, मंग बोला." म्हणणे रास्त होते. ओहोटीला तिने सगळ्या पंचांना आपल्या होडीतून, खुंट समोर दिसतात त्या काळ्या खडकावर नेले, उतरवले आणि होडी मागे वल्हवली.

"निकाल सांगा, मंगच होरी आनीन!"

पंच आधी हसले. मग रागावले. मग सवयीने वाद घालत बसले, तोवर भरती लागली. पोहून येणे कोळ्याला काय जड? पण पंचाची लाल टोपी भिजली की त्याचे पंचपण गेले, असा बेटाचा नेम. किनाऱ्यावर अख्खे गाव जमलेले, बायका पोट धरून हसताहेत. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले. छातीला लागले तेव्हा, म्हणे, दर्या थांबला. निकाल ऐकायला तोही उभा राहिला. हसत नव्हती ती एकटी चांगुणा. निकाल उलटा गेला तरी शब्द दिल्याप्रमाणे होडी न्यावीच लागणार होती, आणि मग लेकींना काय घालायचे?

जोमा पाटलांनी खुंटांकडे पाहिले, मग वल्हे धरलेल्या तिच्या हातांकडे. "ज्याच्या हातात जालं वडायचं बल, त्याची जागा. पुरुस असो नाय तर बाय," ते म्हणाले. "आता आन गो होरी!"

दुसऱ्या दिवशी चांगुणाच्या जाळ्यात इतकी मासळी आली, म्हणे, की घरोघर वाटूनही उरली. पंचांना तिने स्वतः रांधून वाढले आणि पाटलांच्या ताटात सर्वांत मोठा तुकडा घातला.

आजही गावकी त्या खडकावर बसते. होडी बायकांच्याच हाती असते आणि निकाल लागल्याशिवाय त्या ती जवळ आणत नाहीत. यंदाच्या बैठकीत पाणी पंचांच्या घोट्याला लागायच्या आत निकाल लागला. किनाऱ्यावर जमलेल्या बायका फार हिरमुसल्या.