दुपारचं पाणी

नद्यांना अजून नावं मिळाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओढ्याच्या वरच्या अंगाला माकडांनी रंगाची भट्टी घातली आणि खालच्या डोहात बेडकांची पिल्लं मरू लागली.

करकोचा वैद्य होता. तो रोज सकाळी येई, एका पायावर उभा राही, पाण्यात चोच बुडवी आणि म्हणे, "पाणी निर्मळ आहे. पिल्लंच तुमची नाजूक."

शेवटी एक बेडकी चिडली. "वैद्यबुवा, माकडं भट्टी धुतात दुपारी. आज तेवढं थांबा."

"ती माझी झोपायची वेळ."

"आमच्या पिल्लांची मरायची."

करकोचा थांबला. ऊन डोक्यावर आलं, पाणी लालसर झालं आणि त्याचा पाय चुरचुरू लागला. त्याने पाय बदलला. दुसराही भाजला.

"आत्ताच माकडांना सांगून येतो," तो ओशाळून म्हणाला.

"एकटे नका जाऊ. आम्ही गेलो की माकडं म्हणतात, वैद्याला विचारा. तुम्ही गेलात तर म्हणतील, तुम्ही कुठे डोहात राहता?"

दोघं निघाली. बेडकीच्या हातात सकाळच्या पाण्याने भरलेला द्रोण होता आणि त्यात उरलेली तीन पिल्लं. चढावर ती दर चार पावलांनी थांबून आत बघे.

"हलताहेत ना?" करकोचा दर वेळी विचारी.