भोपळ्याची भाजी आणि केशवबाबा

“...मग तुम्हीच सांगा महाराज, आता आणखी काय करू मी?”

मुकुंदानं हातातली थाळी जवळजवळ आदळलीच. गोदावरीकाठच्या त्या लहानशा मठात निरंजनपुरी महाराजांपुढे असा आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. पण मुकुंद पार वैतागला होता.

महाराजांचे गुरुबंधू केशवपुरी तापातून उठले होते, पण अन्नावरची वासना उडाली होती. अंग वाळत चाललं होतं. मुकुंद वैद्यकी शिकून मठात आलेला. हा आजार आपणच बरा करणार, असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

“काय दिलंस त्याला?” महाराजांनी विचारलं.

“लाल भोपळा. पचायला हलका, पोटाला बरा, डोळ्यांना चांगला. आजारातून उठलेल्याला याहून चांगलं काय द्यायचं? भाजून, दही घालून भरीत केलं. दुधात शिजवून खीर केली. गूळ घालून घारगे तळले. बिया सोलून, भाजून दिल्या. एकालाही हात लावला नाही!”

“देताना काय म्हणालास?”

“गुण सांगितले. रोज सांगतो. कळल्याशिवाय माणूस खाईल कसा?”

महाराजांनी कपाळावरून हात फिरवला.

“आज काय केलंयस?”

“साधी भाजी. मेथीदाण्याची फोडणी, सुकी मिरची. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवलीय.”

“चल.”

केशवबाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. थाळी खाली ठेवता ठेवता मुकुंदानं सुरुवात केली, “बाबा, या भाजीनं शरीराला...”

बाबांनी डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

“बघितलंत?” मुकुंद कळवळून म्हणाला. “हे असं!”

महाराज खाली बसले, थाळी पुढे ओढली आणि भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच खाऊ लागले.

“महाराज! ते बाबांचं...”

महाराजांनी हात वर केला.

महाराज खात राहिले. मचमच आवाज करत, बोटं चाटत. एवढ्या मोठ्या माणसाला असं खाताना मुकुंदानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला लाजच वाटली.

बराच वेळ गेला...

“मेथी जळलीय का रे?” पांघरुणाखालून आवाज आला.

“जराशी,” महाराज म्हणाले.

...

“निरंजना, तरुणपणी आपण नदीकाठी भोपळा भाजला होता, तोसुद्धा जळलाच होता.”

महाराजांना नुसतं ‘निरंजना’ म्हणणारा माणूस त्या मठात एवढा एकच होता.

“भांडं कुठं होतं आपल्याकडं?” महाराज घास चावत म्हणाले. “आख्खा निखाऱ्यात घातला होता. जळणारच.”

“आणि गर सगळा तू खाल्लास. मला साल ठेवलीस.”

“खोटं. साल तू मागून घेतलीस.”

“मी?” पांघरूण बाजूला झालं. केशवबाबा कोपर टेकून उठून बसले. डोळे लकाकत होते. “मी साल मागितली? पोटात आग पडलेली असताना? एवढं म्हातारपण आलं तरी तुझं खोटं बोलणं जाईना!”

“मागितलीस.”

“ती थाळी आण इकडं. आजही सगळं एकटाच संपवशील तू.”

त्यांनी थाळी ओढून घेतली. पहिला घास तोंडात घातला. तोंड वाकडं केलं. “मिठाचा पत्ता नाही,” असं पुटपुटत दुसरा घास घेतला.

मुकुंदाला राहवलं नाही. “बाबा, फोडी सालीसकट चावून खा हं. सालीमध्ये फार...”

तिसरा घास तोंडापाशीच थांबला.

दोन्ही म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

मुकुंदानं मान खाली घातली. मग हळूहळू चावण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

महाराज उठून बाहेर आले आणि ओट्यावर बसले. पाठोपाठ मुकुंद आला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि रागही गेला नव्हता.

“महाराज, एक विचारू? एवढे दिवस मी जे सांगत होतो, त्यातला एक तरी शब्द चुकीचा होता का?”

“नाही रे बाबा,” महाराज थकून म्हणाले. “सगळं बरोबर होतं.”

“मग?”

आतून केशवबाबांनी मीठ मागितलं.

महाराज उठले.

“म्हणून तर घास उतरत नव्हता.”