पौषात फुललेला हिमचंपा

एकदा एका थंड डोंगरी मुलखात एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह राहत होते. आश्रमाभोवती हिमचंप्याची बाग होती. हे चाफ्याच्याच कुळातले झाड. पाने येण्याआधी उघड्या फांद्यांवर त्याची मोठी पांढरी फुले उमलतात. सारी बाग फाल्गुनात फुले. एक झाड मात्र उतावळे होते. त्याला पौषातच कळ्या येत आणि गोठलेले दव दरवर्षी त्यांना काळे करून टाकी.

शिष्याला ते बघवत नसे. आदल्या वर्षी त्याने कळ्यांना गोणपाट गुंडाळून सुतळीने करकचून बांधले. थंडी सरल्यावर सोडून पाहिले, तर आतल्या ओलीने त्या कुजल्या होत्या. बांधणी कमी पडली असे त्याने ठरवले आणि यंदा दुहेरी गोणपाट बांधले! शहाणी माणसे चूक सुधारताना पुष्कळदा तीच चूक अधिक मेहनतीने करतात.

त्याच दिवसांत एक व्यापारी आश्रमात आला. त्याच्या तरुण मुलीला असाध्य आजार होता. ती उन्हाळा पाहणार नाही, असे वैद्यांनी सांगितले होते. बापाने दारे-खिडक्या लावून घेतल्या, मैत्रिणींना मज्जाव केला, तिचे अंगणात जाणे बंद केले.

"आता ती बोलतच नाही हो, महाराज," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. आणखी काय करू मी?"

आचार्य काठी टेकत बागेत गेले आणि उतावळ्या झाडाची गोणपाटे सोडू लागले. बोटांना गाठी सुटेनात, तेव्हा त्यांनी दात लावले. शिष्य धावत आला.

"गुरुजी, आज कडाका आहे! उद्या एकही कळी जगायची नाही."

"ठाऊक आहे मला."

दुपारच्या उन्हात कळ्या उमलल्या. व्यापारी संध्याकाळपर्यंत झाडाखाली बसून राहिला. रात्री आचार्यांनी त्याला आश्रमातच ठेवून घेतले. सकाळी मात्र सारी फुले काळी पडून गळाली होती. ती पाहून तो रडू लागला.

"हे दाखवायला ठेवून घेतलंत मला?"

"शेठजी," आचार्य म्हणाले, "दव थोपवणे माझ्या हाती नाही, तुमच्याही नाही. ही फुले गेली याचे मला वाईट वाटते. या वयातही वाटते. पण गेल्या वर्षी गोणपाटात बांधलेल्या कळ्याही गेल्याच होत्या, आणि त्यांना उमलायला मिळाले नव्हते. तुमच्या लेकीचे थोडे दिवस उरले आहेत. ते तिचे आहेत, तिला ते जगू द्या."

"आणि त्यामुळे ती लवकर गेली तर?"

"तर ते तुम्हाला सोसावे लागेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही."

व्यापारी निघून गेला.

चैत्रात तो परत आला, एकटाच.

"गेली," व्यापारी म्हणाला. "वैद्यांनी सांगितले होते त्याच्याही आधी." तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "मैत्रिणींना घेऊन अंगणात बसायची. मी रागावलो की उलट उत्तर द्यायची. एकदा तर भांडून रुसलीच माझ्यावर. समजूत काढायला गावभर हिंडून ओला हरभरा आणावा लागला मला."

हे सांगताना त्याला हसू फुटले, आणि हसता हसताच तो ओक्साबोक्शी रडू लागला. आचार्य त्याच्याजवळ बसून राहिले. त्यांनी त्याला गप्प केले नाही.