खडकामागचे रिकामे शंख

खूप जुनी गोष्ट आहे, माणसांनी समुद्रांना नावं द्यायच्या आधीची. एका किनाऱ्यावर शंखात राहणारे खेकडे होते. या खेकड्यांची पुढची बाजू टणक, पण मागचं अंग लोण्यासारखं मऊ. म्हणून रिकामा शंख शोधायचा आणि त्यात अंग घालून राहायचं. खेकडा वाढतो, शंख काही वाढत नाही. मग घर बदलावंच लागतं.

त्यासाठी त्यांची एक रीत होती. मोठा शंख वाहून आला की सगळे त्याच्यापाशी रांग लावायचे. थोरला पुढे, धाकटा मागे. थोरला नव्या शंखात शिरायचा, त्याचा जुना मागच्याला, मागच्याचा त्याच्या मागच्याला. एक शंख आला की अख्ख्या रांगेला घर मिळायचं. त्याच्या बदल्यात कुणी कुणाकडून काही घेत नसे.

तिथं एक खेकडी होती. तिचा शंख तिला आवळायला लागला होता. जरा हललं तरी काठ अंगात रुतायचा. ती रांग लागायची वाट बघत होती.

पण त्या वर्षी एका थोराड खेकड्यानं नवा शंख घेतला आणि जुना सोडलाच नाही. ओढत नेऊन खडकामागे ठेवला. मग दिसेल तो रिकामा शंख तिकडे न्यायला लागला. त्याला कुणी अडवलं का? छे. उलट हुशार म्हणून त्याचं कौतुक झालं. त्याच्याकडून मूठभर शेवाळ मिळतंय म्हणून शंख ढकलून द्यायलाही सगळे गेले. ही खेकडीसुद्धा गेली होती.

आता घर हवं तर त्याला खाणं नेऊन द्यायचं. खेकडीनं पोटाला चिमटा काढून एका ओहोटीची कमाई जमवली. तो म्हणाला, दुप्पट आण. दुप्पट आणली, तोवर भाव आणखी चढलेला.

"मावशी, कालचा भाव काल होता," तो म्हणाला. "पलीकडच्या किनाऱ्यावरचे पाहुणे मोठे शंख घेऊन गेले बघ. भावाबद्दल तोंडातून शब्द काढला नाही त्यांनी."

"उरलेले तर रिकामेच पडलेत. तुला एवढे लागतात कशाला रे?"

"लागत नाहीत. असावेत."

खेकडी परतली. आता तिचं मऊ अंग शंखाबाहेर यायला लागलं होतं. वाळूवरून घारीची सावली गेली की ती फटीत घुसायची. बाहेर पडावं तर घार, न पडावं तर उपास. तिच्या शेजारणीनं एक फुटकी करवंटी अंगावर घेतली होती. वर म्हणायची, "हसू नको गं, वारा छान लागतो." एके दिवशी घारीनं करवंटी उलटी केली आणि शेजारणीला उचलून नेलं. करवंटी तिथंच डुगडुगत राहिली.

थोराडापेक्षा मोठे जे खेकडे होते, त्यांना तर घर मिळायची आशाच उरली नाही. ते उघड्या अंगानं दुसरा किनारा शोधायला निघाले. बरेच वाटेतच गेले.

इकडे सगळ्यांचं खाणं खाऊन थोराड फुगला. त्याचाही शंख त्याला आवळायला लागला. ढिगात बघतो तर सगळे शंख त्याच्याहून लहान. तो धापा टाकत खेकडीच्या फटीपाशी आला.

"मावशी, आपली जुनी रांग लावू या. मी बोलावतो सगळ्यांना."

"लाव की," खेकडी म्हणाली. "पण तुझ्या पुढे कोण उभं राहणार? ज्यांचा शंख तुला झाला असता, ते तूच घालवलेस."

तो ढिगाकडे पळाला. आवळणारा शंख कसाबसा अंगावेगळा केला आणि एकेका शंखात घुसून बघू लागला. एकातही मावेना. भर उन्हात, एवढ्या घरांच्या मधोमध, तो उघडा पडला होता. घारीला खाली यायला कितीसा वेळ लागतो?

घार गेल्यावर खेकडी फटीतून बाहेर आली. तिनं मापाचा शंख घेतला आणि उरलेल्यांना हाका मारल्या. आले ते थोडेच. प्रत्येकाला घर मिळालं, तरी ढीग तसाच दिसत होता. शंख पुष्कळ होते, राहणारे उरले नव्हते.

बोध: राहायच्या जागा जो रिकाम्या अडवून ठेवतो तो आधी दुसऱ्यांना उघड्यावर आणतो आणि मग स्वतः उघड्यावर येतो, त्याला वेळीच न अडवणारेही सुटत नाहीत.