राजाच्या तुमानीतलं कुसळ

एक होता राजा. नाव तुळतुळराव. त्याला खरखरीत काही म्हणजे काही चालायचं नाही. वाड्यातली फरशी अशी गुळगुळीत, की प्रधान मुजऱ्याला वाकला की घसरत घसरत थेट मुदपाकखान्यात! हसू नका रे, प्रधान असला म्हणून काय झालं, त्यालाही लागतं.

राज्याच्या शिवेवर एक माळ होता. माळावर कमरेएवढं कुसळी गवत. कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, आपलं आपण दरसाल उभं. त्याच्या टोकाला काळ्या पिळदार वेण्या, आणि वेणीच्या बुडाशी सुईसारखी कुसळं. तिथं हौसाक्का धनगरीण राहायची. गवत कोवळं असलं की तिची मेंढरं खायची. जून झालं की ती त्यानंच झोपडी शाकारायची. म्हणजे ताट गवताचं नि छप्परही गवताचं. आणि भांडण? तेही गवताशीच! कारण ते गवत बोलायचं, बरं का.

"मेल्यांनो, माझ्या लुगड्याला का चिकटता?" हौसाक्का ओरडायची.

"मग काय पायी जायचं?" गवत म्हणायचं. "आम्हाला पाय कुठं आहेत!"

तर एकदा काय झालं, राजा शिकारीला आला. शिकार म्हणाल तर एक सरडा दिसला, तोही पळाला. राजा दमला आणि माळावर फतकल मारून बसला. उठला तो बोंबलतच! प्रधान मागून कुसळं उपटतोय, राजा पुढं बेडकासारख्या उड्या मारतोय. ए, तू का खाजवतोस? टोचलं राजाला, तुला नाही.

राजा कडाडला, "हे गवत माझ्या राज्यात नको!"

हौसाक्का काठी टेकून पुढं आली. "महाराज, तुमच्या पणज्याच्या आधीपासनं हाय ते हितं. ते जायचं न्हाई. आन् मी बी न्हाई."

मग राजानं विळे पाठवले. शिपायांनी सगळं गवत कापून टाकलं. गवत म्हणालं, "डोकं हलकं झालं बाई!" मग पाऊस पडला आणि गवत पुन्हा कमरेएवढं.

मग राजानं आग पाठवली. उन्हाळ्यात माळ भडाभडा पेटला. हौसाक्काची झोपडीसुद्धा जळाली. मेंढरं घेऊन ती खडकाच्या कपारीत जाऊन बसली. प्रधान म्हणाला, "आता तरी निघ ना, बाई!" तिनं राखेत हात खुपसला. खालून बारीक आवाज आला, "हौसाक्का, आम्ही आहोत गं." मग ती प्रधानाला म्हणाली, "पायाखाली बघून चाला. पाव्हणं झोपलंय खाली." पाऊस आला आणि काळ्या राखेतून पहिलं हिरवं पातं निघालं ते कुसळीचंच.

मग मात्र राजा स्वतःच निघाला. दसऱ्याला. तसंही सीमोल्लंघनाला शिवेवर जायचंच होतं. हत्ती, घोडे, शिपाई, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर कुदळ. मुळासकट खणायचं, आणि हौसाक्काला शिवेपार हाकलायचं.

गवताच्या वेण्या तेव्हा पिकून काळ्या झाल्या होत्या. हौसाक्का पुढं आली. बघते तर कुदळींना हळदकुंकू, झेंडूची फुलं. ती म्हणाली, "अगं बया! सकाळी पुजलेली हत्यारं आजच मातीत घालता व्हय?"

सगळे शिपाई मागं सरले. पुजलेल्या कुदळीला त्या दिवशी कोण कामाला लावतो? राजा चरफडला. "मग उद्या सकाळी खणू!"

"खणा की," हौसाक्का म्हणाली. "पर महाराज, तुम्हीच या गवताला पाव्हणं म्हणून घरी न्हेलं तर?"

राजा पोट धरून हसला. "मी? याला घरी नेईन? नेलं तर ते माझ्या वाड्यात राहील, इथंही राहील, आणि तूही इथंच राहशील. जा, दसऱ्याचं वचन!"

मग वाजतगाजत सगळी स्वारी गवतातून शीव ओलांडून गेली आणि गवतातूनच परत आली. हौसाक्का वाकून गवताच्या कानात म्हणाली, "लेकरांनो, आज चिकटा!"

आणि गवत जे चिकटलं म्हणता! राजाच्या तुमानीला, प्रधानाच्या शेल्याला, घोड्यांच्या शेपट्यांना. वाड्याच्या दारात राणी ओवाळायला उभी. तिनं निरांजन फिरवलं, खाली पाहिलं आणि म्हणाली, "अहो, सोनं लुटायला गेला होता ना? हे काय लुटून आणलंत?"

राजानं चौकात येऊन तुमान झटकली. प्रधानानं शेला झटकला. घोड्यांनी शेपट्या झटकल्या. मग दव पडलं. दव पिऊन कुसळांचा पीळ सुटला आणि ती गर्रकन फिरत फरशीच्या फटीत घुसली. सकाळी बघतात तर चौकात गवत, दरबारात गवत, सिंहासनाच्या गादीत गवत! प्रधान भीत भीत मुजऱ्याला वाकला. आणि काय सांगू, घसरलाच नाही! पायाखाली गवत होतं ना. आनंदानं त्यानं आणखी तीन मुजरे ठोकले.

"उपटा!" राजा किंचाळला.

"हात तर लावा!" दारात हौसाक्का, मागं सगळी मेंढरं. "दसऱ्याचं वचन कुणी दिलं?"

राजानं राणीकडं पाहिलं. राणी म्हणाली, "मी काल ओवाळून आत घेतलंय त्याला. ओवाळलेला पाहुणा हाकलायचा असेल, तर आधी मला हाकला."

संपलं! राजा मटकन सिंहासनावर बसला, आणि टुणकन उठला.

मग शिपायांनीच हौसाक्काची झोपडी नव्यानं शाकारली. राजानं जाड गोधडीची तुमान शिवून घेतली. आणि गवत? ते घोड्यांच्या शेपटीवरून घाट उतरलं, गलबतावरच्या खलाशांच्या धोतराला चिकटून समुद्रापार गेलं. जिथं ऊन कडक आणि पाऊस धो धो, तिथं तिथं जाऊन उभं राहिलं. कुणाला विचारलं नाही. हौसाक्का, राजा, राणी, मेंढरं, सगळी सुखात राहिली.

चला, मिटा डोळे. पण आधी पांघरूण झटका. गोष्ट ऐकता ऐकता एकाच्या पायजम्याला कुसळ चिकटलेलं मी पाहिलंय. कुणाच्या, ते मी नाही सांगणार.